एक्सची मात्रा आणि ‘वाहक’ बाई

(कोल्हापूर येथे महिला आरोग्य शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी मला ‘स्त्रीचं शरीर आणि विज्ञान’ असा ऐसपैस विषय दिला होता. अंगावरून जाणं, पांढरं जाणं, रक्तातलं लोह, पिशवी काढावी की नाही, यावर सकाळी डॉक्टर ताई तुमच्याशी बोलल्याच आहेत. मी डॉक्टर नाही. मी तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, बेडूक आणि झुरळं कापायला लावली. तेव्हा मी आज एकाच प्रश्नाचं उत्तर देणार आहे. प्रश्न माझा नाही, आमच्या गटात येणाऱ्या एका बाईचा आहे. तिची परवानगी घेऊन, नाव-गाव न सांगता बोलते.

पंचगंगेच्या काठच्या एका गावातली ही बाई. पदरात एक मुलगी, अकरा वर्षांची, आणि एक मुलगा, सात वर्षांचा. मुलाला हिमोफिलिया आहे. म्हणजे रक्त गोठायला जो घटक लागतो, फॅक्टर आठ म्हणतात त्याला, तो त्याच्या रक्तात जवळजवळ नाहीच. खेळताना गुडघा आपटला की सांध्यात आतल्या आत रक्त साठतं, गुडघा नारळाएवढा सुजतो. निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं की हा आजार आईकडून येतो. डॉक्टरांनी खोटं काही सांगितलं नाही. पण ते एक वाक्य घरी पोचलं आणि त्याचं काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. सासू म्हणाली, “तुज्या म्हायेरचं रगातच खोटं हाय.” नवरा काही म्हणाला नाही, तेही तिला तितकंच लागलं. ती आमच्याकडे आली आणि मला विचारलं, “बाई, माझं रगात खरंच खोटं हाय का?”

याचं एका शब्दात उत्तर ‘नाही’. पण नुसतं ‘नाही’ म्हणून ती घरी गेली असती तर सासूपुढं टिकली नसती. तिला कारण हवं होतं. म्हणून थोडं शास्त्र सांगते. कंटाळा करू नका, स्वयंपाकघराच्या पलीकडं फार जाणार नाही.

आपल्या शरीरातल्या पेशीपेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. गुणसूत्र म्हणजे जनुकांची लांबलचक माळ. बावीस जोड्या बाईत आणि पुरुषात सारख्या. तेविसाव्या जोडीत बाईला दोन एक्स, पुरुषाला एक एक्स आणि एक वाय. हे कोडं पहिल्यांदा सोडवणाऱ्यांत एक बाई होती, नेटी स्टीव्हन्स. अमेरिकेत १९०५ साली तिनं पिठातल्या किड्यांच्या पेशी तपासल्या. मादीच्या पेशीत २० मोठी गुणसूत्रं, नराच्या पेशीत १९ मोठी आणि १ अगदी बारकं. ते बारकं ज्या शुक्राणूतून येतं त्यातून नर निपजतो, हे तिनं सांगितलं. मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरतं ही गोष्ट तेव्हापासून शास्त्राला ठाऊक आहे, आणि तेव्हापासून आजवर आपल्याकडं मुली झाल्या म्हणून बायका टाकल्या जाताहेत. (कोंबडीत मात्र उलटं आहे बरं का. तिथं नराची जोडी सारखी आणि मादीची वेगवेगळी, म्हणून पिल्लू नर की मादी ते अंड्यावर ठरतं. पण कोंबडीला सासू नसते.)

आता खरा मुद्दा. एक्स मोठं आहे. त्यावर आठशे-नऊशे जनुकं आहेत, आणि ती फक्त ‘बायकी’ कामाची नाहीत. रक्त गोठवणं, रंग ओळखणं, स्नायू धडधाकट ठेवणं, मेंदूची कितीतरी कामं, सगळं त्यावर आहे. वाय अगदी लहान, त्यावर शंभरसुद्धा जनुकं नाहीत. मग बाईकडं या सगळ्या जनुकांच्या दोन दोन प्रती आणि पुरुषाकडं एकेकच. बाईच्या शरीरात सगळं दुप्पट व्हायला नको का?

तुम्ही म्हणाल, झालं दुप्पट तर बिघडलं कुठं? तर जनुकांत मात्रेला फार महत्त्व आहे. तांबड्या रश्श्यात कांदा-लसूण चटणी दोन चमच्यांऐवजी तीन पडली तर पाहुणे पाणी मागतील, पण जेवतील. शरीर तितकं सोशिक नाही. डाऊन सिंड्रोमची मुलं आपण पाहतो. त्यांच्यात कुठलंही जनुक ‘खराब’ नसतं. एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, एवढंच. जनुकं सगळी चांगली, पण मात्रा दीडपट. तेवढ्यानं हृदयापासून बुद्धीपर्यंत सगळीकडं फरक पडतो. आणि एकविसावं हे तर, वाय सोडलं तर, सगळ्यांत कमी जनुकांचं गुणसूत्र. मोठ्या गुणसूत्रांची एक प्रत वाढली तर बहुतेक गर्भ पोटातच जातात. (हे तिसरं गुणसूत्र १९५९ साली पॅरिसमध्ये सापडलं. त्यासाठी पेशी वाढवण्याचं किचकट काम मार्थ गोतिये या डॉक्टरबाईनं केलं होतं. श्रेय कित्येक वर्षं तिच्या सहकारी पुरुषाच्या नावावर जमा होतं.)

मग एवढं मोठं एक्स पृथ्वीवरच्या निम्म्या माणसांत दोनदा आणि निम्म्यांत एकदा, तरी दोघंही धडधाकट, हे कसं? १९३२ साली मुलर या शास्त्रज्ञानं या तोल सांभाळण्याला नाव दिलं. मराठीत आपण ‘मात्रेची भरपाई’ म्हणू. त्यानं ते चिलटांत पाहिलं होतं, पिकलेल्या केळ्यांवर घोंघावतात ती चिलटं. मादीत दोन मात्रा, नरात एक, तरी डोळ्याचा रंग सारखाच. का, ते दाखवण्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. कलकत्त्याचे मुखर्जी यांनी बीरमान या जर्मन शास्त्रज्ञाबरोबर १९६५ साली दाखवलं की चिलटात नराचं एकुलतं एक एक्स दुप्पट जोरानं काम करतं. एका बारीक कृमीत वेगळीच तऱ्हा: तिथं दोन एक्स असलेल्या प्राण्यात दोन्ही एक्स निम्म्या जोरानं चालतात. म्हणजे हिशेब एकच, पण सोडवायच्या रीती निराळ्या.

आपल्यात, म्हणजे दूध पाजणाऱ्या प्राण्यांत, तिसरीच रीत आहे. ती सापडली मांजरात. कॅनडात १९४९ साली मरे बार आणि त्यांचा विद्यार्थी बर्ट्राम मांजरांच्या मज्जापेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. थकव्यानं पेशींवर काय परिणाम होतो हे शोधत होते, नर-मादीचा विषय त्यांच्या डोक्यातही नव्हता. काही मांजरांच्या पेशींच्या केंद्रात एक गडद ठिपका दिसायचा, काहींच्यात दिसायचा नाही. वह्या चाळल्या तेव्हा लक्षात आलं, ठिपका असलेल्या सगळ्या माद्या. पुढं दहा वर्षांनी ओहनो या जपानी शास्त्रज्ञानं सांगितलं की हा ठिपका म्हणजे दोनांपैकी एक एक्सच आहे, गुंडाळून, घट्ट मिटून बसलेलं.

आणि १९६१ साली मेरी लायन या बाईनं त्याचा अर्थ लावला. केंब्रिजला ती शिकली तेव्हा तिथं मुलींना मुलांच्या बरोबरीची पदवी मिळत नव्हती, नावापुरती मिळायची. तिनं ठिपक्याठिपक्यांच्या उंदरांवरून ताडलं की मादीचा गर्भ अगदी लहान असताना प्रत्येक पेशी आपल्या दोनपैकी एक एक्स मिटवून टाकते. कुठलं मिटवायचं, बापाकडून आलेलं की आईकडून आलेलं, हे त्या त्या पेशीत नशिबावर, नाणं उडवल्यासारखं ठरतं. पण एकदा ठरलं की त्या पेशीपासून जन्मणाऱ्या सगळ्या पेशी तेच पाळतात, जन्मभर. हे सगळं होतं तेव्हा गर्भ नुकता रुजत असतो. आईला पाळी चुकल्याचंही धड कळलेलं नसतं.

पटत नसेल तर घरी जाताना गल्लीतली तीन रंगांची मांजर बघा. काळी, नारिंगी आणि पांढरी. ती जवळजवळ नेहमी मादीच असते. कारण नारिंगी रंगाचं जनुक एक्सवर आहे. नेमकं कुठलं ते २०२५ साली जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी शोधून काढलं. एका एक्सवर नारिंगी करणारं जनुक असेल, दुसऱ्यावर नसेल, तर जिथं पहिलं जागं तिथं नारिंगी ठिगळ, जिथं दुसरं जागं तिथं काळं. बोक्याला एकच एक्स, म्हणून तो एक तर नारिंगी नाहीतर काळा. आपल्या अंगावर केस नाहीत म्हणून दिसत नाही इतकंच, नाहीतर आपण प्रत्येक बाई त्या मांजरीसारखी गोधडी आहोत. काही ठिगळांत आईचं एक्स चालतं, काही ठिगळांत बापाचं.

आता आपल्या बाईकडं परत येऊ या. फॅक्टर आठचं जनुक एक्सवर आहे. मुलाला एकच एक्स, ते आईकडून आलेलं. त्यात बिघाड असेल तर दुसरं सांभाळायला नाही, म्हणून मुलगा आजारी. आईकडं एक बिघडलेलं, एक चांगलं. पुस्तकात अशा बाईला ‘वाहक’ म्हणतात, आणि पुढं लिहितात की तिला स्वतःला त्रास नसतो. मीही वर्षानुवर्षं हेच शिकवलं. फळ्यावर चौकोन-गोल काढायची, अर्धा गोल काळा करायची आणि म्हणायची, ही वाहक. एस.टी.त ‘चालक-वाहक’ असतात ना, त्यातला वाहक. लोकांची तिकिटं फाडायची, आपण स्वतः प्रवासी नाही.

तर या वाहक बाईशी मी जरा निवांत बोलले. तिला विचारलं, तुझी पाळी कशी असते? ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, सात-आठ दिवस जातं, पहिले तीन दिवस तर शेतावर जाता येत नाही, अंथरुणात जुनं लुगडं घडी करून घालते. दोन्ही बाळंतपणांत खूप गेलं. एकदा दाढ काढली तर दोन दिवस थुंकीत रक्त. गावाकडच्या एका दवाखान्यात सांगितलं होतं, उत्तर मिळालं, “बायकांना असतंच तसं.” मुलाच्या आजारासाठी चार वर्षं ती दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवत होती. त्या चार वर्षांत एकानंही तिला हा प्रश्न विचारला नव्हता. मीही तोवर कुठल्या ‘वाहक’ बाईला विचारला नव्हता, हे कबूल करते.

मुंबईला परळला के.ई.एम.च्या आवारात रक्तदोषांवर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे. तिथं ती, तिची धाकटी बहीण आणि त्यांची आई अशा तिघींचं रक्त तपासलं. तिघींकडं तोच बिघाड. पण फॅक्टरची मात्रा बघा: धाकट्या बहिणीची जवळपास सत्तर टक्के, म्हणजे ठणठणीत. आपल्या बाईची अठ्ठावीस टक्के. एकाच आईच्या पोटच्या, बिघाडही एकच, मग फरक कशानं? त्या गोधडीनं. फॅक्टर आठ मुख्यतः यकृतातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात तयार होतो. धाकटीच्या तिथल्या जास्त पेशींनी बिघडलेलं एक्स मिटवलं, थोरलीच्या जास्त पेशींनी चांगलं मिटवलं. पाळी चुकली हे आईला कळायच्या आधी उडालेलं ते नाणं. पुण्य नाही, पाप नाही, माहेर नाही, सासर नाही.

आणि ऐका, अठ्ठावीस टक्के म्हणजे नुसती वाहक नव्हे. २०२१ साली रक्त गोठण्याच्या आजारांवर काम करणाऱ्या जागतिक संघटनेच्या तज्ज्ञांनी नावं बदलली. फॅक्टर चाळीस टक्क्यांच्या खाली असलेल्या बाईला आता हिमोफिलिया आहे असंच म्हणायचं. मात्रा चाळीसच्या वर पण रक्तस्राव होतो, तर तिला लक्षणं असलेली वाहक म्हणायचं. मला हे नाव बदलणं फार महत्त्वाचं वाटतं. ‘वाहक’ असेपर्यंत तिची फाईलच नव्हती. सगळे कागद मुलाच्या नावानं. आता तिच्या नावाचा केसपेपर आहे, दात काढताना, ऑपरेशनच्या वेळी काय औषध द्यायचं ते त्यावर लिहिलंय, आणि पाळीसाठी तिला गोळ्या चालू आहेत.

मला या ठिकाणी आनंदीबाई जोशींची आठवण येते. १८८६ साली कोल्हापूर दरबारनं त्यांना इथल्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रीविभागावर नेमलं होतं. बायका आपलं दुखणं पुरुष डॉक्टरांना सांगत नाहीत म्हणून बाई डॉक्टर हवी, हे त्या अमेरिकेला जाण्याआधीपासून सांगत होत्या. कामावर रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या गेल्या. आज बाई डॉक्टर जागोजाग आहेत. पण बाईला तिच्या स्वतःच्या रक्ताबद्दल विचारायचं राहूनच जातं.

“आणि म्हायेरचं रगात?” तिनं पुन्हा विचारलं. सासूचा मुद्दा तसा सुटलेला नव्हता. तर हिमोफिलियाच्या सुमारे एक तृतीयांश मुलांच्या घराण्यात पूर्वी कुणालाच तो नसतो. बिघाड नव्यानं झालेला असतो. गंभीर हिमोफिलियात जवळजवळ निम्म्या वेळा बिघाड ठरावीक असतो: जनुकाचा एक मोठा तुकडा उलटा बसतो, ब्लाउजची बाही उलटी जोडली जावी तसा. हे १९९३ साली कळलं. आणि हा उलटा टाका बहुतेक वेळा पडतो पुरुषाच्या शरीरात, शुक्राणू तयार होताना. स्त्रीबीज तयार होताना दोन एक्स एकमेकांना लांबीभर चिकटून असतात. पुरुषात एक्सला बरोबरीचा जोडीदार नसतो, मग त्याचं टोक स्वतःवरच दुमडतं आणि तुकडा उलटतो, असं मानलं जातं. या घरात तोच बिघाड निघाला. आईच्या भावांना काही नाही, मामांना काही नाही. तेव्हा बहुधा तिच्या आईच्या वडिलांच्या एखाद्या शुक्राणूत हा टाका उलटा पडला असावा. मी तिला म्हटलं, सासूबाईंना दोष द्यायचाच असेल तर तुझ्या आज्याच्या एका शुक्राणूला द्या म्हणावं, आणि तोही बिचारा साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा.

इथवर मी फार शहाणपणानं बोलले. आता माझी एक चूक सांगते.

आमच्या प्रॅक्टिकलमध्ये मुली आपल्याच गालाच्या आतली पेशी खरवडून, रंग घालून, सूक्ष्मदर्शकाखाली तो ठिपका बघायच्या. बार यांचा ठिपका. मुली मुलांना चिडवायच्या, तुमच्यात काही नाही म्हणून. मला तो तास फार आवडायचा. एका वर्षी एक मुलगी शेवटपर्यंत टेबलापाशी राहिली. बुटकी, हुशार, वर्गात पहिली येणारी. म्हणाली, “मॅडम, मला एकही दिसत नाही.” मी म्हटलं, नीट रंगवलं नसशील, पुन्हा कर. तिनं तीनदा केलं. तिसऱ्या वेळी मी स्वतः पाहिलं आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण चांगल्या स्लाइडवरही सगळ्या पेशींत ठिपका दिसत नाही, पण काहींत दिसायलाच हवा. माझ्या चेहऱ्यावरनं तिनं ओळखलं. तिला पाळी आली नव्हती, हे घरात फक्त आईला माहीत होतं. लग्नाचं बघायला सुरुवात झाली होती.

तिला टर्नर सिंड्रोम होता. दोनऐवजी एकच एक्स. दोन-अडीच हजार मुलींत एखादीला असतो. अशी मुलगी मुलगीच असते. बुद्धी सहसा इतरांसारखी असते. उंची कमी राहते, बीजकोश काम करत नाहीत. लवकर कळलं तर उंचीसाठी आणि पाळीसाठी उपचार आहेत. तिला ते कळायला हवं होतंच, पण तीस जणांच्या वर्गात, माझ्या टेबलावर नव्हे. त्यानंतर मी ते प्रॅक्टिकल मुलींच्या गालावर कधी केलं नाही. तयार स्लाइड दाखवायची. ती मुलगी पुढं खूप शिकली, दिवाळीला मला पत्र लिहिते. तिनं मला माफ केलंय. मी स्वतःला केलं की नाही, सांगता येत नाही.

तिनंच मला पुढं एक प्रश्न विचारला, जो पाठ्यपुस्तक वाचून मला सुचला नव्हता. “मॅडम, एक एक्स नाहीतरी मिटूनच बसतं, तर माझ्यात ते नसलं म्हणून काय बिघडलं?” केवढा अचूक प्रश्न! उत्तर असं की मिटलेलं एक्स पुरतं मिटलेलं नसतं. त्यावरची सुमारे पंधरा टक्के जनुकं जागीच राहतात, हळू आवाजात का होईना, काम करतात. उंचीचं एक जनुक त्यातलंच. म्हणून एक एक्स नसलं तर त्यांची मात्रा कमी पडते. उलट तीन एक्स असलेल्या बायकाही असतात, हजारात एखादी. त्यांच्यातली दोन मिटतात, एक चालतं, आणि बहुतेकींना आपल्यात काही वेगळं आहे हे आयुष्यभर कळतही नाही. तिसऱ्या एकविसाव्याशी ही तुलना करून बघा, म्हणजे ही मिटवण्याची व्यवस्था किती कामाची आहे ते समजेल.

ही व्यवस्था चालवणारं जनुक १९९१ साली सापडलं, एक्सवरच. त्याचा रेणू एक्सभर पसरून त्याला पांघरुणासारखा झाकतो. २०१३ साली अमेरिकेत जीन लॉरेन्स या शास्त्रज्ञ बाईंनी हेच जनुक डाऊन सिंड्रोमच्या माणसाच्या पेशीत, तिसऱ्या एकविसाव्या गुणसूत्रावर बसवलं, तर ते गुणसूत्रही मिटलं. हे फक्त काचपात्रातल्या पेशींत झालं, औषध नव्हे. कुणी तुम्हाला त्याच्या नावानं काही विकायला आलं तर दाराबाहेर ठेवा. याच पांघरुणाची दुसरी बाजूही आहे. ल्यूपससारखे आजार, ज्यात शरीर स्वतःवरच उलटतं, ते पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त. २०२४ साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की या रेणूभोवती गोळा होणारी प्रथिनं त्यात हातभार लावत असावीत. तेव्हा सांधे दुखतात, अंगावर चट्टे येतात म्हणणाऱ्या बाईला ‘मनाचे खेळ’ म्हणून परत पाठवू नका.

आता त्या ठिपक्याचं पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण ते आपल्या जिल्ह्यापर्यंत येऊन पोचतं. तोल सांभाळल्याची ती खूण, पण माणसांनी तिचा पहिला उपयोग केला तो ओळख परेडसाठी. १९५५-५६ च्या सुमारास काही देशांत एकाच वेळी डॉक्टरांनी गर्भजलातल्या पेशींत हा ठिपका पाहून, पोटात मुलगा की मुलगी हे सांगून दाखवलं. कोपनहेगनच्या डॉक्टरांनी १९६० साली त्याचा उपयोग केला कशासाठी, तर हिमोफिलियाच्या घराण्यात मुलगा असेल तर गर्भपात करण्यासाठी. म्हणजे सुरुवातीला या चाचणीनं मुलगे काढले गेले. त्यातले निम्मे निरोगी असणार हे ठाऊक असूनही. आपल्याकडं गर्भजल परीक्षा १९७५ साली दिल्लीत जन्मजात दोष शोधायला म्हणून आली आणि बघता बघता मुली शोधायला वापरली गेली. मुंबईत १९८५-८६ पासून बायकांच्या संघटना रस्त्यावर आल्या, १९८८ साली महाराष्ट्रानं देशातला पहिला कायदा केला, १९९४ साली केंद्राचा कायदा झाला. त्या कायद्यात एक्सवरून येणाऱ्या आजारांसाठी तपासणीची मुभा आहे, आणि ती असायला हवी असं माझं मत आहे. आपल्या बाईला पुढचं मूल हवं असेल तर निर्णय तिचा.

पण कायद्याला वळसा घालणारेही हुशार. ठिपका बघायची गरजच राहिली नाही, सोनोग्राफी आली. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात १९९१ साली सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं ९३१ मुली होत्या, २००१ साली ८३९. दहा वर्षांत. ऊस, दूध, सूतगिरण्या, सगळ्यात आपण पुढं होतो तेव्हाची ही गोष्ट. २००९-१० मध्ये इथल्या सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचं नोंद ठेवणारं उपकरण बसवलं, देशभर त्याची चर्चा झाली. २०११ च्या जनगणनेत आकडा ८६३ झाला. वाढला म्हणून आनंद, पण १९९१ च्या जवळही पोचला नव्हता.

आणि खेळाडू मुली. १९६८ च्या ऑलिंपिकपासून स्त्री खेळाडूंच्या गालाच्या पेशी घेऊन ठिपका बघायला लागले. नसेल तर घरी. माझ्या त्या विद्यार्थिनीला त्यांनी बाई मानलंच नसतं. स्पेनच्या मारिया मार्तिनेझ-पातिन्यो या अडथळ्यांच्या धावपटूला १९८५ साली असंच बाहेर काढलं. तिच्यात एक्स-वाय होतं, पण पुरुषी संप्रेरकाला शरीर दादच देत नव्हतं. म्हणजे त्याचा फायदा तिला इतर बायकांपेक्षाही कमी. ती तीन वर्षं भांडली आणि परत आली. आपली तमिळनाडूची शांती सौंदरराजन. २००६ मध्ये दोहाच्या आशियाई स्पर्धेत ८०० मीटरचं रौप्यपदक जिंकली आणि लिंगचाचणीनंतर ते काढून घेतलं. ऑलिंपिकनं सरसकट चाचणी १९९९ मध्ये बंद केली होती. २०२५ पासून जागतिक अॅथलेटिक्स संघटनेनं पुन्हा सुरू केलीय, आता ठिपक्याऐवजी वायवरचं एक जनुक बघतात. ज्या शरीरानं एवढ्या वेगवेगळ्या रीतींनी मात्रा सांभाळली, त्याला एका खुणेवरून आत-बाहेर करायचं, हे मला शास्त्र वाटत नाही. तुमच्यातल्या काहींना वेगळं वाटत असेल, चहाच्या वेळी भांडू.

वेळ संपत आला अशी चिठ्ठी आलीय. आपल्या बाईचा शेवटचा प्रश्न राहिला. “बाई, माज्या पोरीचं काय?” मुलगी अकरा वर्षांची, पाळी कधीही येईल. तिला तो बिघाड आला असण्याची शक्यता निम्मी. मी तिला दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या. जनुकाची तपासणी म्हणजे ती वाहक आहे की नाही, ते मुलगी मोठी झाल्यावर तिनं स्वतः ठरवावं, आज आईनं किंवा आजीनं नाही, आणि स्थळ सांगून येणाऱ्या पाहुण्यांनी तर नाहीच. पण रक्तातली फॅक्टरची मात्रा आत्ताच बघून ठेवायची. पहिल्या पाळीला खूप गेलं तर काय करायचं हे घरात माहीत हवं. मुलीला समजेल अशा भाषेत सगळं सांगायचं, लपवायचं नाही.

येत्या आठवड्यात मायलेकी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला निघाल्यात. धाकटी बहीण मुलाला सांभाळायला येऊन राहणार आहे. काल निरोप आला की सासूबाईही बरोबर जायचं म्हणताहेत. दोघींची तिकिटं होती, तिसरं वेटिंगवर आहे.